लावलेल्या मूत्रपिंडाची राखण

मे 1965 मध्ये मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनी एका मृत व्यक्तीचे मूत्रपिंड काढून दुसऱ्या रुग्णाच्या शरीरात बसविले. मानवी मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचा भारतातील हा पहिला प्रयत्न होय. तो रुग्ण अकरा दिवस जगला. वैद्यकाच्या इतिहासात या घटनेची नोंद होते ती शस्त्रक्रियेची म्हणून. आम्हांला मात्र आज त्या शस्त्रक्रियेपेक्षा त्या अकरा दिवसांविषयी बोलावयाचे आहे. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपली. त्यानंतर अकरा दिवस कोणीतरी त्या रुग्णाच्या उशाशी बसले होते, लघवी मोजीत होते, ताप पाहत होते, रक्त तपाशीत होते. त्या बसण्याचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या चळवळीत आमचे आयुष्य गेले आणि जे काही शिकलो ते वर्तमानपत्रे, वाचनालये व अडचणीत सापडलेली माणसे यांच्याकडून शिकलो. मग हा विषय आम्ही का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या उत्तरार्धात आपोआप मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, के. ई. एम. रुग्णालय 1926 साली उभे राहिले ते गिरण्यांच्या धुराड्यांमध्ये, गिरणी कामगारांच्या चाळींच्या शेजारी, आणि मुंबई महापालिकेच्या पैशावर ते चालत आले. देशातील पहिला प्रयत्न श्रीमंतांच्या एखाद्या खासगी दवाखान्यात न होता अशा सार्वजनिक जागी व्हावा, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

प्रथम हे मूत्रपिंड, ज्याला आपण सर्वजण बोलताना किडनी म्हणतो, ते करते काय ते पाहू. मुठीएवढी, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची ही दोन इंद्रिये पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. दिवसभरात सुमारे 180 लिटर द्रव त्यांच्या चाळणीतून जातो. त्यातील बहुतेक सारा परत रक्तात घेतला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी होऊन बाहेर पडतो. चाळणी बिघडली म्हणजे मळ रक्तातच साचतो. हा मळ मोजण्याची खूण म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंच्या नित्याच्या झिजेतून तो तयार होतो व मूत्रपिंडावाटे निघून जातो. रक्तातील त्याचे प्रमाण वाढले तर मूत्रपिंडाचे काम घटले असे समजावे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ माक्स याफे याने 1886 साली दाखवून दिले की, पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनिन तांबूस रंग धरतो. आजही आपल्या गावच्या प्रयोगशाळांत ही तपासणी बहुधा याच रंगाच्या तत्त्वावर होते. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा हा साधा शोध आज लाखो माणसांच्या जिवाचे मोजमाप करीत आहे.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पोट बिघडले तर दुखते, दात किडला तर ठणकतो. मूत्रपिंड खराब होताना बहुधा काहीच दुखत नाही. निम्मे काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडाही पुष्कळदा मर्यादेतच राहतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडाची गोष्ट तर आणखी वेगळी. ते कमरेत, मूळ जागी बसवीत नाहीत. ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूस बसवितात आणि जुनी दोन बहुधा जागच्या जागीच ठेवतात. रक्तवाहिन्या जोडल्या जातात, लघवीची नळी जोडली जाते, परंतु ज्ञानतंतू तुटलेलेच राहतात. म्हणजे या पाहुण्याला आपले दुःख सांगावयाला तोंडच नसते. त्याची विचारपूस बाहेरून, ठरल्या वेळी, आपण होऊन करावी लागते.

ही विचारपूस माणूस कसकशी शिकत गेला ते पाहू. 1933 साली युक्रेनमध्ये युरी व्होरोनॉय या शल्यविशारदाने मृत माणसाचे मूत्रपिंड एका स्त्रीच्या शरीरास जोडले. ती दोन दिवस जगली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधील काम्पेन या लहान गावी, विलेम कोल्फ या डॉक्टराने 1943 साली कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र उभे केले. सॉसेजचे मांस भरण्याची सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळून ते पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरवावयाचे, आणि नळीतून रुग्णाचे रक्त खेळवावयाचे, अशी ही रचना होती. आरंभीचे रुग्ण एकामागून एक दगावले. 1945 साली 67 वर्षांची एक स्त्री वाचली. आज ज्याला आपण डायालिसिस म्हणतो त्याचा हा उगम. युद्धाच्या टंचाईत, मिळेल त्या सामानातून, कारागिराच्या बुद्धीने बनविलेले हे यंत्र आहे, हे आमच्यासारख्याला विशेष भावते.

1952 च्या डिसेंबरात पॅरिस शहरात मारियस रेनार नावाचा सोळा वर्षांचा सुतारकाम करणारा मुलगा कामावर असता उंचावरून पडला. त्याचे मूत्रपिंड फुटले, म्हणून ते काढून टाकले. मग कळले की त्याला जन्मतः एकच मूत्रपिंड होते. त्याच्या आईने आपले एक देऊ केले. नेकर रुग्णालयातील डॉक्टरांनी नाताळच्या सुमारास ते बसविले. मूत्रपिंडाने लगेच काम सुरू केले, रक्त निर्मळ होऊ लागले, सारे फ्रान्स वर्तमानपत्रांतून त्या मुलाची प्रकृती रोज वाचू लागले. बाविसाव्या दिवशी लघवी एकाएकी थांबली. शरीराने परके इंद्रिय नाकारले होते. मुलगा काही दिवसांत गेला. कामावर पडलेला एक कोवळा कामगार आणि त्याची आई यांची ही कथा प्रत्यारोपणाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच आहे.

शरीर परक्याला का नाकारते, हे ब्रिटनमध्ये पीटर मेडावर यांनी युद्धकाळात भाजलेल्या माणसांवर कातडी लावण्याच्या प्रयोगांतून शोधून काढले होते. शरीराची संरक्षणव्यवस्था आपले व परके ओळखते. तद्रूप जुळ्यांना मात्र ती एकमेकांत भेद करू शकत नाही. म्हणूनच पहिले यश जुळ्यांत आले. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसविले. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. त्याने लग्न केले, त्याला मुले झाली. पण 1963 साली तो वारला. ज्या आजाराने त्याची स्वतःची मूत्रपिंडे गेली होती तोच आजार नव्यातही शिरला होता. म्हणजे जेथे नाकारले जाण्याचे भय नाही तेथेही राखण सुटत नाही, हा पहिला धडा. मूत्रपिंड देणारा रोनाल्ड मात्र 2010 पर्यंत जगला.

जुळे नसलेल्यांचे काय? त्यासाठी औषध हवे होते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ॲझाथायोप्रिन निघाले आणि 1962 साली बॉस्टनमध्ये त्याच्या आधारावर नात्यातल्या नसलेल्या माणसाचे मूत्रपिंड प्रथमच दीर्घकाळ टिकले. 1963 साली अमेरिकेतीलच डेन्व्हर येथील डॉ. थॉमस स्टार्झल यांनी त्याला प्रेडनिसोनची जोड देऊन एक अतिशय महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. ती अशी की, शरीराने मूत्रपिंड नाकारण्यास प्रारंभ केला तरी, वेळेवर मात्रा वाढविली तर तो नकार परतविता येतो.

या एका निष्कर्षाने राखणीचा अर्थच पालटला, असे आम्हांला वाटते. तोपावेतो उशाशी बसणे म्हणजे यायच्या संकटाची वाट पाहणे होते. पॅरिसच्या डॉक्टरांनी लघवी थांबल्याचे पाहिले, पण पाहून करावे काय हे त्यांच्या हाती नव्हते. 1963 नंतर लवकर पाहणे म्हणजेच वाचविणे झाले. जो आकडा काल नुसता कागदावर लिहिला जात होता तो आता हाक मारू लागला.

मग पाहण्याची साधनेही वाढली. कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रून यांनी 1951 सालीच सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासण्याची रीत घालून दिली होती. ती येथे कामी आली. क्रिएटिनिन चढले तर ते नाकारण्यामुळे, औषधामुळे, नळी तुंबल्यामुळे की दुसऱ्या रोगामुळे, हे त्या कणावरून पुष्कळ अंशी कळते. मात्र एका देशातला तज्ज्ञ ज्याला नकार म्हणे त्याला दुसरा म्हणत नसे. म्हणून 1991 साली कॅनडातील बॅन्फ या डोंगरी गावी तज्ज्ञ जमले व त्यांनी एक सामाईक परिभाषा ठरविली. आज जगात कोठेही असा अहवाल लिहिताना बॅन्फचेच वर्गीकरण वापरतात.

औषधांची कथाही ऐकण्याजोगी आहे. नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यातून स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सायक्लोस्पोरिन निघाले. 1970 नंतरच्या दशकात त्याचा गुण कळला, 1983 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे यश एकदम वाढले. पुढे 1984 साली जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या मातीतील एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले, जे आज बहुसंख्य रुग्ण घेतात. मातीतून आलेली ही दोन्ही औषधे दुधारी आहेत. कमी पडली तर शरीर मूत्रपिंड नाकारते; अधिक झाली तर ती स्वतःच त्याच मूत्रपिंडाला अपाय करतात. म्हणून त्यांचे रक्तातील प्रमाण मोजावे लागते, आणि तेही सकाळची गोळी घेण्याच्या आधी. जो रुग्ण गोळी घेऊन प्रयोगशाळेत जातो त्याचा आकडा खोटा येतो व त्यावरून ठरविलेली मात्रा चुकते. एवढी साधी सूचनाही रुग्णाला त्याच्या बोलीत कोणीतरी सांगावी लागते.

शिवाय संरक्षणव्यवस्था दाबून ठेवलेली असल्याने बाहेरचे जंतू घुसतात. क्षय आपल्या देशात घरोघर ठाऊक. त्यावरील रिफॅम्पिसिन हे औषध सुरू केले की टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरते. उलट काही जंतुनाशके व बुरशीवरची औषधे ते चढवितात. अंगदुखीवर आपण दुकानातून सहज आणतो त्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाच घातक. आणि 1971 साली ओळखला गेलेला बी. के. नावाचा विषाणू, जो निरोगी माणसाच्या शरीरात निजून असतो, तो अशा रुग्णाच्या लावलेल्या मूत्रपिंडात जागा होतो. या साऱ्यांवर नजर ठेवावयाची ती रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिन आणि विषाणूंची तपासणी या मार्गांनी.

किती वेळा पाहावे, हेही ठरलेले आहे. 'किडनी डिसीझ : इम्प्रूव्हिंग ग्लोबल आउटकम्स' या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2009 साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार क्रिएटिनिन पहिले सात दिवस रोज. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आठवड्यातून दोनतीनदा. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात दर आठवड्यास. चौथ्या ते सहाव्यात दर पंधरवड्यास. सातव्या ते बाराव्यात महिन्यास एकदा. आणि पुढे जन्मभर दर दोनतीन महिन्यांनी तपासावे. श्रोत्यांनी मनाशी बेरीज करावी. पहिल्या वर्षातच पस्तीसच्या आसपास तपासण्या होतात. यातील प्रत्येक तपासणी हा रोजगारी माणसाचा एकेक बुडालेला दिवस आहे, हे त्या सूचना लिहिणारांना कदाचित दिसले नसेल. पण आपल्याला दिसले पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. 1965 नंतर पहिले टिकाऊ यश 1971 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले; तेथे जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात आले होते. सामान्य जनतेला मात्र मूत्रपिंडाचा आजार ठाऊक झाला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. एके काळी रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्ष असलेले जयप्रकाशजी 1975 साली आणीबाणीतील स्थानबद्धतेत असता त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायालिसिस सुरू झाले आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी निधन होईपर्यंत ते यंत्राच्या आधाराने जगले. त्यांच्या यंत्रासाठी जनतेने निधी जमविला होता. निधी जमविणारांपैकी पुष्कळांनी डायालिसिस हा शब्द त्यापूर्वी ऐकलाही नसेल.

औषधे आपल्या आवाक्यात आली त्यामागेही एक कायदा आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालावर आधारलेला पेटंट कायदा 1970 साली झाला. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ कृतीवर द्यावी, असे त्याने ठरविले. म्हणून भारतीय कारखान्यांना वेगळ्या कृतीने तीच औषधे स्वस्तात बनविता आली. 2005 साली हा नियम बदलला, तरी तोवर देशात औषधनिर्मितीचा पाया पक्का झाला होता. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस येथेच तयार होतात, याचे श्रेय त्या कायद्याकडेही जाते. स्वस्त हा शब्द मात्र सापेक्ष आहे. गोळी एका दिवसाला परवडली म्हणजे आयुष्यभर परवडली असे होत नाही.

नंतर मूत्रपिंडांचा बाजार भरू लागला. गरिबाने कर्जापायी इंद्रिय विकावे असे दिवस आले. त्याला आळा घालण्यासाठी संसदेने 1994 साली मानवी इंद्रिय प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून तो झाला, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट होय. मेंदूचे मरण हे मरण मानले जाऊ लागले ते याच कायद्याने. आणि मृत दात्यांच्या इंद्रियांचे न्याय्य वाटप व्हावे म्हणून आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक कलमवजा ओळ आहे जी फारसे कोणी वाचीत नाही. सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने रुग्णालयांची वेळोवेळी तपासणी करावी. ती केवळ शस्त्रक्रियेच्या दर्जाची नव्हे, तर ज्याला इंद्रिय बसविले त्याची आणि ज्याचे काढून घेतले त्याचीही पुढे कशी देखभाल होते याची, असे तेथे लिहिले आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला असली ओळ दिसली की तो तिच्याखाली रेघ मारतो. किमान वेतनाचा कायदाही कागदावर असतोच; तो पगाराच्या दिवशी हातात पडतो की नाही, हे पाहावे लागते.

आणि म्हणून आता आपला नंदुरबार जिल्हा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सातपुड्याच्या कुशीतला हा जिल्हा. धडगावच्या माणसाला नंदुरबारला यायचे तर चांदसैलीचा घाट उतरून, तळोद्यावरून यावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद. प्रत्यारोपणासाठी आपले रुग्ण तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेला जातात, नाहीतर नाशिक-मुंबई गाठतात. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी बांधवांत सिकलसेलचा आजार आहे; त्या आजारात मूत्रपिंडांवरही घाव बसतो आणि लघवी दाट करण्याची त्यांची शक्ती फार लवकर जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात आपल्याकडचा वैशाख. उन्हात ऊस तोडणाऱ्या, मिरचीची पोती वाहणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आटते, आणि त्याचा पहिला मार मूत्रपिंडालाच. शासनाने हातपाय हलविलेच नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. 2013 साली राज्यभर पोहोचलेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेली आरोग्य योजना, 2016 चा राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम, 2020 साली नंदुरबारला सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 2023 ची राष्ट्रीय सिकलसेल मोहीम, ही पावले पडली आहेत.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या एका हमालाची दोन्ही मूत्रपिंडे गेली. आईने आपले एक देऊ केले. ऐन मिरचीच्या हंगामात आम्ही बाजारात फिरून वर्गणी गोळा केली. हमालांनी एका दिवसाची मजुरी दिली, तोलारांनी दिली, व्यापाऱ्यांनी दिली, बस स्थानकावरच्या चहावाल्याने डबा ठेवला. जिल्ह्याबाहेर शस्त्रक्रिया झाली. तो परत आला तेव्हा आम्ही मायलेकांना हार घातले, भाषण केले आणि आमचे काम संपले असे समजून पुढच्या संपाच्या तयारीस लागलो.

वर्षभर त्याचा क्रिएटिनिन 1.2 होता. मग जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि गोळ्यांचा खर्च यांचा मेळ बसेना. त्याने कोणास न सांगता दोन वेळची गोळी एका वेळेवर आणली. त्याला बरे वाटत होते. दुखत तर काहीच नव्हते. महिन्याची तपासणी चार महिन्यांवर गेली. आकडा 1.9 झाला तो कागद घरात खुंटीला टांगलेल्या पिशवीत पडून राहिला. पुढचा कागद 3.4 चा. पायांवर सूज आली तेव्हा तो आमच्याकडे आला. आणि तोवर आईचे मूत्रपिंड गेले होते. आज तो पुन्हा यंत्रावर आहे. त्याची आई आमच्या कचेरीत आली होती. रडली नाही, रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, मी दिलेलं वाया गेलं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आणि ती गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, त्या बाईचा रक्तदाब शस्त्रक्रियेनंतर कोणीही एकदाही पाहिलेला नव्हता. आम्हीही विचारले नव्हते.

हा दोष आम्ही कोणत्याही डॉक्टरावर किंवा कचेरीवर ढकलीत नाही. शस्त्रक्रियेसाठी सारा बाजार एक झाला होता. दुसऱ्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोणी डबा ठेवला नाही. आम्ही घटना साजरी केली आणि राखण विसरलो. शेतकऱ्याच्या पोरांनी तरी हे करावयास नको होते. आपल्या खानदेशात ज्वारी कणसात आली की माळा बांधतात आणि गोफण घेऊन पाखरे उडवीत बसतात. पेरणी दोनचार दिवसांची असते. कणसे हाती येईतो माळा कोणी सोडीत नाही.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना बॉयलर ठाऊक आहे. 1923 च्या कायद्याने बॉयलरला दाखला सक्तीचा केला, आणि तो दाखला बारा महिन्यांपलीकडे चालत नसे. निरीक्षकाने येऊन पाहिल्यावाचून आगीला हात लावावयाचा नाही. तो कायदा सुखासुखी झाला नाही. बॉयलर फुटून माणसे मेली तेव्हा अशा कायद्यांना प्रारंभ झाला. लोखंडाच्या भांड्यासाठी जी काळजी कायद्याने घ्यावयास लावली ती आईने दिलेल्या इंद्रियासाठी मागणे अवाजवी आहे काय?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिन, साखर व रक्तदाब यांची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात ठरल्या दिवशी व्हावी. टॅक्रोलिमसचे प्रमाण मोजण्याची सोय तालुक्यात नसली तर रक्ताचा नमुना तेथे घ्यावा व जिल्ह्याहून पुढे पाठवावा. नमुन्याने प्रवास करावा, माणसाने का? गोळ्या खंड न पडता मिळाव्यात. योजनेचा पैसा शस्त्रक्रियेपाशी थांबू नये. मालकाने तपासणीचा दिवस भरपगारी धरावा. ज्यांना राज्य कामगार विम्याचे छत्र आहे त्यांनी त्याचा हक्क मागावा, आणि ज्यांना नाही त्या हमाल, ऊसतोड व शेतमजुरांसाठी आपण मंडळे भांडून मिळवावीत. आणि दाता, जो आपल्या देशात बहुतेक वेळा आई, पत्नी किंवा बहीण असते, त्याचीही वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीची तपासणी व्हावी. तेराव्या कलमातील ती ओळ त्याचीही आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर हाती काय आहे? एक चाळीस पानी वही. सकाळी उठल्यावर वजन, ताप, रक्तदाब आणि दिवसाची लघवी तीत लिहावी. प्रत्येक क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह लिहावा. दोन दिवसांत वजन चढले, लघवी उतरली, ताप आला किंवा ओटीपोटात त्या जागी दुखू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दुकानातून आपल्या मनाने अंगदुखीची गोळी आणू नये. गोळीचे पैसे संपत आले तर लाज न बाळगता सांगावे, आणि ज्याला सांगितले त्याने ते ऐकावे. आमच्या संघटनेने आता एवढे सुरू केले आहे: ज्या सभासदाच्या घरी प्रत्यारोपण झाले त्याची वही महिन्याच्या बैठकीत, वर्गणीच्या वहीबरोबर, टेबलावर येते. आकडा वाचला जातो. गोळ्या किती दिवसांच्या उरल्या ते विचारले जाते. आईचीही एक वही आहे.

परळच्या त्या रुग्णालयात 1965 साली अकरा दिवस जी राखण झाली तिच्या हाती आजची औषधे नव्हती, आजची यंत्रे नव्हती. आज ज्ञान आहे, औषध आहे, कायद्यात ओळही आहे. उरले आहे ते फक्त शेवटच्या माणसापर्यंत, घाट चढून धडगावपर्यंत, त्या ज्ञानाने जाणे. पुढच्या वेळी आपल्या गावात अशा शस्त्रक्रियेसाठी डबा फिरेल तेव्हा श्रोत्यांनी त्यात पैसे जरूर टाकावेत; आणि डबा घेऊन आलेल्याला एकच प्रश्न विचारावा की, दुसऱ्या वर्षाचे काय ठरले आहे?